दारावरच्या पाटीला अक्षर हवे

अंबाडीहून वज्रेश्वरीच्या रस्त्याने निघून तानसा नदीकाठच्या अकलोलीपर्यंत घरे पाहत गेले, तर दारावर नाव घालण्याच्या चार पिढ्या एका फेरीत भेटतात. जुन्या स्लॅबच्या घरांच्या कठड्यावर गवंड्याने सिमेंटात उठवलेली अक्षरे असतात आणि त्यांच्याखाली बांधकामाचे साल. आगरी कुटुंबांच्या नव्या बंगल्यांवर काळ्या ग्रॅनाइटमध्ये सोनेरी रंग भरलेले ‘आई एकविरा कृपा’ किंवा ‘आई वज्रेश्वरी प्रसन्न’. मुंबई-ठाण्याच्या लोकांनी बांधलेल्या शेतघरांच्या फाटकांवर लेझरने कापलेले रोमन लिपीतले नाव, शेजारी वारली चित्रातला तारपा नाच. आणि पाड्यांवरच्या घरकुलांच्या भिंतींवर योजनेचे नाव, लाभार्थ्याचे नाव, मंजुरीचे वर्ष. यांत सर्वांत देखणे अक्षर बहुतेक वेळा त्या अनामिक गवंड्याचे असते. सर्वांत महागड्या पाटीवरचे अक्षर मात्र सर्वांत दुबळे निघते. घराच्या पाट्यांची कला आज कुठे उभी आहे, हे या एका उलट्या हिशेबात दिसते.

गवंड्याची पद्धत साधी होती. गिलावा ओला असताना खिळ्याच्या टोकाने नाव आखायचे, त्यावर सिमेंटचा जाड थर चढवायचा आणि तो आवळू लागला की पट्टी लावून सुरीने कडा कापायच्या. चुकीला जागा थोडी, वेळ त्याहून थोडा. पण कठड्याची लांबी डोळ्यांसमोर असे, रस्ता किती दूर आहे हे माहीत असे, आणि उन्हाची दिशा कळत असल्यामुळे अक्षराची सावली कुठे पडणार याचा अंदाज असे. ‘मातृछाया’ चार हातांत बसवायचे तर ‘मा’चा काना किती दूर न्यायचा, ‘छा’ किती आवळायचा, हे तो जागेवर ठरवी. त्याने अक्षरांचे शास्त्र शिकलेले नव्हते, तरी प्रत्येक नावाचा वेगळा विचार केलेला होता.

रंगाऱ्याचेही तेच. खडू लावलेली दोरी ताणून सोडायची, त्या रेषेवर शिरोरेखा बसवायची, हात टेकायला काठी धरायची आणि सपाट ब्रशने एका दमात उतरता फटकारा घ्यायचा. देवनागरीचा जाड-बारीकपणा तिरक्या कापलेल्या बोरूतून आला आहे. ब्रश त्याच कोनात धरला तर ‘क’ची वाटी आपोआप भरते आणि ‘र’ची शेपटी बारीक होत जाते. गावोगावच्या पेंटरांना हे हातानेच ठाऊक होते. मुंबईत कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतून जे केले, नाव वाचण्याआधीच नाटकाची प्रकृती कळावी असे अक्षर रेखाटले, त्याचा वारा या पेंटरांनाही लागला होता. वर्तमानपत्रातले शीर्षक कापून ठेवणारे, त्याचे वळण दुकानाच्या फळीवर उतरवणारे पेंटर आपल्याकडे पुष्कळ झाले. शेडगे २०२० मध्ये गेले, तेव्हा कलाक्षेत्राने त्यांना मानाने निरोप दिला. फळीवरच्या पेंटरांची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

आता दुकान बदलले आहे. संगणक, कोरलड्रॉ, एक लेझर किंवा सीएनसी यंत्र, ॲक्रिलिकचे तक्ते, एमडीएफ, स्टीलचा पत्रा, मागे लावायच्या एलईडी पट्ट्या. यंत्र विकत घेण्याची ऐपत नसली तरी चालते. मापे आणि फाइल पाठवली की कटिंग बाहेरून करून मिळते. भांडवलाचा उंबरठा खाली आल्यामुळे घरातल्या खोलीतून हा धंदा करणाऱ्या अनेक जणी, अनेक तरुण आज दिसतात. ही चांगली गोष्ट आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पूर्वी पितळेची कोरीव पाटी वकील-डॉक्टरांच्या दाराला असे, बाकीच्यांच्या दाराला खडूने लिहिलेला खोली क्रमांक. आज भाड्याच्या घरातले जोडपेही स्वतःच्या नावाची पाटी करून घेते.

अडचण भावाच्या पद्धतीत आहे. अक्षर इंचावर विकले जाते, तक्ता चौरस फुटावर, कटिंग यंत्राच्या वेळेवर. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजते ते सामानाचे आणि विजेचे. नाव रेखाटण्याचा, त्याची मांडणी करण्याचा मोबदला दरपत्रकात कुठेच नसतो, म्हणून त्यावर वेळ घालवणे दुकानदाराला परवडत नाही. तो संगणकातल्या यादीतला एक फाँट निवडतो, नाव टाइप करतो, चौकटीत बसेपर्यंत आडवे दाबतो. अक्षर दाबले की उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या तशाच जाड राहतात, आणि बोरूच्या कोनातून आलेला सगळा तोल जातो. बघणाऱ्याला नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, पण पाटी परकी वाटते.

देवनागरीला यंत्राने कापताना काही खास पेच येतात आणि चांगल्या कारागिराची ओळख तिथेच पटते. शिरोरेखेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. रोमन अक्षरे एकेक करून चिकटवावी लागतात, त्या मानाने ही आपल्या लिपीची मोठी सोय. पण अनुस्वार सुटा पडतो. जाळीसारखी आरपार पाटी करायची असेल तर ‘व’, ‘ब’, ‘ठ’ यांच्या पोटातला भाग गळून पडतो आणि तो धरून ठेवायला बारीक पूल सोडावे लागतात. पूल कुठे सोडायचा हा चित्रकाराचा निर्णय आहे. तो यंत्रावर सोपवला की ‘व’ला नको तिथे गाठ दिसते. वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार यांना जागा द्यावी लागते, म्हणून त्याच पट्टीत मराठी नाव रोमन नावापेक्षा लहान दिसते. दुकानांच्या पाट्यांसाठी राज्याने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावे असे बंधन घातले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर पाट्या मोठ्या झाल्या. सुंदर झाल्या का, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेतला नव्हताच. घराच्या दाराला तर कोणताच कायदा लागू नाही. तिथे सगळे करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे.

त्या नजरेची पहिली परीक्षा ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांत होते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले आहेत. हिंदीसाठी घडवलेला फाँट उचलला की ‘शेलार’, ‘लिमये’, ‘शीतल’ अशी नावे हिंदी वळणात उमटतात. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ यांतला अर्धा ‘र’ जुन्या फाँटमध्ये तुटतो किंवा भलत्याच जागी रफार होऊन बसतो. ज्याच्या आडनावाचे असे झाले, त्याला रोज आपल्याच दारात ती चूक ओलांडावी लागते. दहा वर्षांपूर्वी यावर निदान सबब होती. आज नाही. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ फाँटपासून घातलेला पाया आहे, फाँट घडवणाऱ्या ‘एक टाइप’च्या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ विनामूल्य मिळतात, राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आहे. साधने हाताशी असूनही आठ-दहा जुनेच फाँट वर्षानुवर्षे फिरवले जात असतील, तर त्याला मी गरिबी म्हणणार नाही. ती बेफिकिरी आहे.

वारली चित्रांच्या पाट्यांबद्दल बोलायला हवे, कारण अकलोलीच्या आसपासचा मुलूख वारल्यांचाही आहे. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढायचा, मध्ये पालघट देवीची स्थापना करायची, हे काम सुवासिनींचे. ते चित्र म्हणजे घरातल्या एका विधीचा भाग. जिव्या सोमा मशे यांनी ही रेषा कागदावर आणून जगापुढे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही लाभले. आता बाजारातल्या पाटीवर बघा. चौक नाही, देवी नाही, झाडांचा आणि भुताखेतांचा तो दाट संसार नाही. उरले ते वर्तुळात नाचणारे दहा-बारा त्रिकोणी देह, तेही एकाच फाइलमधून शेकडो वेळा कापलेले. रेषा हाताने काढलेली असते तेव्हा दोन माणसे सारखी निघत नाहीत, नाच त्यामुळेच चालता वाटतो. लेझरमध्ये तो थांबतो. भिवंडीच्या गोदामांतून देशभर जाणाऱ्या खोक्यांत अशा किती पाट्या असतील, आणि त्या गोदामांपासून तासाभराच्या अंतरावरच्या पाड्यांत हात चालवणारे चित्रकार कामाची वाट बघत असतील. व्यवसाय करणाऱ्याने ठरवले तर फळी आणि अक्षर त्याचे, चित्र पाड्यावरच्या माणसाचे, आणि पाटीच्या मागे दोघांची नावे, अशी सरळ वाटणी होऊ शकते. पाटी महाग पडेल. पडू द्यावी.

मोडी लिपीतल्या पाट्यांची नवी हौस मला आवडते आणि तिची काळजीही वाटते. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि संगणकावर ती लिहिणे सोपे झाले. पण मोडी ही आधी रेघ ओढून, मग लेखणी फारशी न उचलता पळवण्याची लिपी. सुटी अक्षरे शेजारी ठेवली की तिचा जीवच जातो. शिवाय तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. गिऱ्हाईकाला वाचता येत नाही, शेजाऱ्याला येत नाही, म्हणजे चूक पकडणारा कोणीच नाही. अच्युत पालव यांच्यासारख्या सुलेखनकाराने मोडीची वळणे वर्षानुवर्षे घोटून देवनागरीत आणली, तेव्हा त्यांना ती लिपी वाचताही येत होती. पाटी करणाऱ्याने निदान जाणकाराकडून नाव तपासून घ्यावे, आणि खाली बारीक देवनागरीत तेच नाव द्यावे.

आणि नावे कोणाची? कित्येक पिढ्या पाटीवर घरच्या कर्त्या पुरुषाचे नाव असे, फार तर त्याच्या पदवीसह. आता दोघांची असतात, मुलीचे असते, कधी नुसते आईचे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लावण्याचा निर्णय घेतला आणि तो १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना लागू झाला. त्याच दिवसांत मंत्रालयातल्या दालनांबाहेर मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांच्या नव्या पाट्या लागल्या, आईच्या नावासह. चार शब्दांचे नाव एका ओळीत कसे बसवायचे हा प्रश्न त्या दिवसापासून अक्षरकाराच्या टेबलावर आला आहे. दोन ओळी कुठे तोडायच्या? आईचे नाव वडिलांच्या नावाइतकेच ठळक दिसेल असे करायचे, की ते दाटीत चेपले जाऊ द्यायचे? हा मांडणीचा निर्णय घराबद्दल काहीतरी बोलतो. दादरच्या आपल्या घराला बाबासाहेबांनी ‘राजगृह’ नाव दिले, तेव्हा ज्यांना नाव आदराने लावण्याचीच मुभा नव्हती अशा लाखो लोकांच्या वतीने त्या दाराने काही म्हटले होते. वस्त्यांमधल्या ‘भीमछाया’, ‘रमाई निवास’ या पाट्या त्याच म्हणण्याच्या पुढच्या ओळी आहेत. म्हणून पाड्यावरच्या घरकुलावर योजनेचे नाव मोठे आणि राहणाऱ्याचे लहान दिसते, तेव्हा मला ते खटकते. घर त्या माणसाचे आहे. अकलोली-वज्रेश्वरीच्या परिसरात पाट्यांचा धंदा करणाऱ्या कोणी वर्षाला चार घरकुलांना घरमालकिणीच्या नावाची साधी लाकडी पाटी करून दिली, तरी या भागाचा चेहरा बदलू लागेल.

सामानाबद्दल थोडक्यात. ठाणे जिल्ह्याच्या पावसात उघड्यावरचे एमडीएफ दोन पावसाळ्यांत फुगते. २०२ दर्जाच्या स्टीलला गंज धरतो, ३०४ टिकते. पितळ काळे पडते, पण चिंचेने घासले की पुन्हा उजळते, आणि ते घासणे कित्येक घरांत दिवाळीआधीच्या साफसफाईचा भाग असते. सागवान तेलपाणी मागते. हे गिऱ्हाईकाला विकण्याआधी सांगणारे दुकान मला प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे शाळकरी मुले शासकीय रेखाकला परीक्षांसाठी अक्षरलेखनाचा सराव करतात. चौकटी आखून, पट्टी धरून एक मराठी ओळ काढतात. परीक्षा संपली की तो सराव तिथेच सुटतो. त्याच मुलांतले काही पुढे लेझरच्या दुकानात बसतात. त्यांना कोरलड्रॉ शिकवणारे वर्ग तालुक्याच्या गावी आहेत, अक्षर शिकवणारे नाहीत. हा धंदा करणाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. दरपत्रकात ‘अक्षररचना’ ही वेगळी ओळ घालावी आणि तिचे पैसे न लाजता मागावेत. आणि कापण्याआधी नाव मूळ मापात कागदावर छापून गिऱ्हाईकाच्या दाराला चिकटवावे, फाटकापासून वाचून बघावे, संध्याकाळच्या उजेडात एकदा बघावे, मगच यंत्र सुरू करावे.