‘चिंताविकृती’ : एका संज्ञेची चिकित्सा

मराठी मानसशास्त्रीय लेखनात ‘चिंताविकृती’ ही संज्ञा रूढ आहे. रचनेच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. तथापि ज्या अनुभवाचा निर्देश तिने करावयाचा, तो तिच्यात कितपत सामावतो, हे पाहावयास हवे.

‘चिंता’ हा शब्द ‘चिन्त्’ म्हणजे विचार करणे या धातूपासून आलेला आहे. त्याचा रोख मनातील विचारांवर आहे. उलट १८९५ मध्ये फ्रॉइडने ज्या व्याधीचे वेगळेपण मांडले, तिच्या नावातील जर्मन ‘आंग्स्ट’ हा शब्द अरुंदपणा दर्शविणाऱ्या मुळातून निघाला. वैदिक ‘अंहस्’ हाही त्याच कुळातला. तेथे मुख्य कल्पना कोंडीची आहे. मराठी रुग्णही प्रथम कोंडीच सांगतो : छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, श्वास अडकतो. विचारांचा उल्लेख मागाहून येतो, कधी येतही नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा वाक्यरचनेचा आहे. ‘मला धास्ती वाटते’, ‘मला घाबरल्यासारखे होते’ या वाक्यांत अनुभवणारा चतुर्थीत आहे. तो कर्ता नव्हे. घरची माणसे मात्र म्हणतात, ‘काळजी करू नकोस.’ येथे तो कर्ता ठरतो, आणि जे आपण करतो ते थांबविताही यावे, असा बोल त्याच्या माथी येतो. वैद्यकाचा निर्वाळा पहिल्या रचनेच्या बाजूने आहे. अमेरिकन मनोविकार-वर्गीकरणानुसार व्यापक चिंतेच्या निदानासाठी ती किमान सहा महिने, बहुतेक दिवशी असावी लागते, आणि तिच्यावर ताबा ठेवणे कठीण जावे लागते. ताबा सुटणे हेच जेथे लक्षण, तेथे ताबा ठेवण्याचा उपदेश व्यर्थ होय.

‘विकृती’विषयीही तेच. आयुर्वेदात ती केवळ प्रकृतीपासून झालेली च्युती. आजच्या बोलण्यात मात्र ‘विकृत’ ही शिवी आहे. ती ऐकण्यापेक्षा रुग्ण गप्प राहणे पत्करतो, आणि मानसोपचाराने वा औषधाने आटोक्यात येऊ शकणारे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतो.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. रूढीने संज्ञेचा अर्थ निश्चित होतो. परंतु ही संज्ञा ग्रंथातच राहत नाही, ती रुग्णाच्या कानी पडते. म्हणून ‘हृदयविकारा’च्या धर्तीवर ‘चिंताविकार’ म्हणणे अधिक इष्ट. तसेच रुग्णांसाठी प्रश्नावल्या मराठीत आणताना ‘तुम्ही काळजी करता का?’ असे न विचारता ‘तुम्हाला काय होते?’ असे विचारावे. या प्रश्नात दोषारोप नाही, आणि रुग्णाचे शरीर जे सांगत असते, त्यालाही त्यात वाव आहे.