चार नगरांबाहेरचा डोंगर

जयंत नारळीकरांच्या आत्मचरित्राचं नाव 'चार नगरांतले माझे विश्व'. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. गोंदियात बसून हे नाव वाचलं की पहिला प्रश्न पडतो : यात आपण कुठे? धानकापणी उरकल्यावर नवेगावबांधच्या पाळीवर रात्री उभं राहून पाहा. या चारही नगरांना मिळून दिसणार नाहीत एवढे तारे तिथे दिसतात.

२०१४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक नीटनेटकं आहे. भाषा संयत, घटनाक्रम चोख. माझी तक्रार नेमकी त्याबद्दलच आहे. १९६४ मध्ये नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात सापडलेल्या सूक्ष्मलहरींनी बहुतेक शास्त्रज्ञांना महास्फोटाच्या बाजूला नेलं. नारळीकर पुढेही दुसऱ्या बाजूलाच उभे राहिले. आयुष्यभर अल्पमतात राहण्याची धग या शांत गद्यात फारशी जाणवत नाही. माणूस दिसतो, त्याची झोप उडालेली रात्र दिसत नाही.

तरीही हे पुस्तक वाचाच, आयुकासाठी वाचा. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या संस्थेमागचा विचार साधा होता : प्रत्येक विद्यापीठाला मोठी दुर्बीण परवडणार नाही, मग एक सगळ्यांची असू दे. २००६ मध्ये गिरवलीच्या डोंगरावर, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर दूर, आयुकाची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहिली. शहराच्या झगमगाटात ती आंधळी झाली असती.

नुसत्या अंधारावरही तिचं भागत नाही. उंची लागते, कोरडी, स्थिर हवा लागते. म्हणून तशी दुर्बीण आपल्या तलावांच्या जिल्ह्यात येईल, या भ्रमात राहू नका. पण गोंदियातल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यानेही तिच्यावर वेळ मागावा, आणि तो पत्ता पाहून नव्हे तर प्रश्न पाहून मिळावा, ही 'सगळ्यांची' या शब्दाची खरी कसोटी आहे.

पुस्तकाच्या नावात त्या डोंगराला जागा नाही. मला मात्र पुस्तक मिटल्यावर चार नगरांपेक्षा तोच आठवत राहिला.