चेहरा स्टुडिओचा, हात आजीचा

सीगफ्रीड क्राकाउअर या जर्मन समीक्षकाने १९२७ मध्ये ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’ या दैनिकात छायाचित्रणावर एक निबंध लिहिला. त्यात एका आजीचा फोटो येतो. फोटो १८६४ सालचा आणि आजी तेव्हा चोवीस वर्षांची. साठ-बासष्ट वर्षांनी नातवंडे तो पाहतात, हसतात आणि हसता हसता थोडी दचकतातही. त्यांना आजी दिसत नाही. दिसतो तो जुन्या फॅशनचा पोशाख आणि केसांची ठेवण. घरच्यांनी ‘ही तुमची आजी’ असे सांगितले नसते, तर ती त्या काळातली कोणीही तरुणी ठरली असती. क्राकाउअरचा निष्कर्ष असा, की फोटो त्या क्षणी समोर असलेले सगळे सरसकट टिपतो, तर स्मृती अर्थ असलेले तेवढेच ठेवते. म्हणून माणूस टिकतो तो सांगण्यात.

निबंध मोठा आहे आणि त्याचा रोख सचित्र साप्ताहिकांच्या सुळसुळाटावर आहे. ते सारे इथे नको. आजीपुरते त्याचे म्हणणे मला बराच काळ पटत होते. पुढे आमच्या घरातल्या एका फोटोने ते अडवून धरले.

हा फोटो नंदुरबारच्या स्टुडिओत काढलेला आहे. पाठीमागे शाईने १९५७ हे साल आणि ‘जि. प. खानदेश’ असा पत्ता आहे. नंदुरबार तेव्हा त्या जिल्ह्यातला एक तालुका होता. प. खानदेशाचे पुढे धुळे झाले आणि नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आजी उभी आहे. मागे पडद्यावर रंगवलेला जिना, शेजारी उंच तिपाई, तिच्यावर कागदी फुलांची फुलदाणी. आजीच्या मनगटावर घड्याळ आहे.

आपल्याकडे दिवाळी अंकांतून आजी-आजोबांच्या फोटोंवर जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे इथेच घसरते. आजोबांची नजर ‘करारी’ असते, आजीच्या डोळ्यांत ‘सोसलेपण’ असते. ती नजर ‘हलू नका’ म्हणणाऱ्या फोटोग्राफरची असू शकते, हे कोणी लक्षात घेत नाही. जिना स्टुडिओचा, फुलदाणी स्टुडिओची. घड्याळही बहुधा तिथलेच. गिऱ्हाइकांना घालायला घड्याळ, कोट, टोपी ठेवण्याची पद्धत सर्रास होती. फार काय, चेहरासुद्धा पुरता तिचा नाही. काच किंवा फिल्मच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गालावरचे डाग आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे घालवणे, म्हणजे रिटचिंग, हे त्या धंद्यातले रोजचे काम. आजीला देवीचे व्रण होते असे घरातले सगळे सांगतात. फोटोत एकही नाही.

इथपर्यंत क्राकाउअरची सरशी आहे. पण रिटचिंग करणाऱ्याला चेहऱ्याचे पैसे मिळत. हाताकडे त्याने लक्ष दिले नाही.

आजीचा डावा हात तिपाईवर टेकलेला आहे आणि मनगटाच्या वर गोंदण आहे. फोटो स्कॅन करून मोठा केला तेव्हा ठिपक्यांच्या खाली तीन अक्षरे वाचता आली. ते एक नाव आहे आणि आमच्या घरात आजीचे म्हणून जे नाव चालत आले, ते हे नव्हे.

घरात आजीबद्दल सांगितले जाते ते पुष्कळ. तिच्या हातची कळण्याची भाकरी, दुष्काळात तिने विकलेल्या पाटल्या, तिचा तापटपणा. हे सांगणारे सगळे सासरचे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, आणि आमच्या आठवणी त्या ताटापासून सुरू होतात. त्याआधीची पंधरा-सोळा वर्षे आमच्या सांगण्यात नाहीत. क्राकाउअर म्हणतो तसे सांगणाऱ्यांनी अर्थपूर्ण तेवढे ठेवले. पण कोणाला अर्थपूर्ण, हा प्रश्न तो आजीच्या बाबतीत विचारत नाही. आमच्या घरात तो निवडीचा अधिकार आजोबांच्या भावकीकडे होता. फोटोने मात्र सरसकट टिपले, आणि त्या सरसकटपणातच तिचे माहेरचे नाव वाचले.

यावर कोणी म्हणेल, की अक्षरे वाचली तरी ती कोणाची हे फोटो कुठे सांगतो? खरे आहे. गोंदणात भावाचे नाव असते, देवाचेही असते. आत्यांना विचारले तर त्यांनी ‘आई कधी बोलली नाही’ एवढेच सांगितले. शेवटी शहादा तालुक्यात राहणाऱ्या आजीच्या धाकट्या बहिणीला फोटो दाखवला. तिने अक्षरांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “ते तं तिनंच नाव शे.” म्हणजे उत्तर सांगण्यातूनच आले. पण प्रश्न फोटोने विचारला, आणि कोणाला विचारायचा हेही त्यानेच ठरवायला लावले. ते नाव मी इथे देत नाही. रोलां बार्तने १९८० च्या आपल्या पुस्तकात आईचा पाच वर्षांची असतानाचा फोटो ज्यासाठी छापला नाही, त्याच्या जवळपासचेच कारण आहे: वाचकाला ती तीन अक्षरेच दिसतील.

बार्तशी मात्र एक फरक आहे. त्याने आईला आयुष्यभर पाहिले होते. फोटोत तो ओळखीचे शोधत होता. नातवाला तरुण आजी कधीच भेटलेली नसते. त्याच्या बाबतीत फोटो आठवणीच्या आधी येतो.

आणि फोटोच नसेल तर? हा प्रश्न या जिल्ह्यात काल्पनिक नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या कितीतरी भिल्ल-पावरा घरांत आजोबांचा एकुलता एक फोटो मतदार ओळखपत्रावरचा असतो, आणि ती ओळखपत्रे आली १९९३ नंतर. त्याआधी गेलेल्यांचा तोही नाही. मरणानंतर तो नखाएवढा चेहरा मोठा करून, खाली कोट जोडून, चौकटीत बसवलेला मी पाहिला आहे. कोट पुन्हा स्टुडिओचाच, आता कॉम्प्युटरमधला.

याच दोन तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात आली. नंदिनी ओझा यांच्या ‘लढा नर्मदेचा’ या पुस्तकात केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे यांचे मौखिक कथन आहे. मराठीत आजोबा-पणजोबांविषयी जे स्मरणरंजन लिहिले जाते, त्याच्या शेजारी हे पुस्तक ठेवून पाहावे. इथे आठवणीला काम आहे. जमीन कोण कसत होते, गाव केव्हापासून होते, हे ज्याच्याकडे कागद नाही त्याला बोलूनच सिद्ध करावे लागते. क्राकाउअरचे ‘सांगणे’ इथे त्याच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जड आहे.

कायद्यानेही ते एका ठिकाणी मान्य केले. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत दाव्याच्या पुराव्यांची जी यादी आहे, तीत सरकारी कागद आणि नकाशांबरोबर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथनही धरले आहे. अट एवढीच, की सांगणारा म्हातारा स्वतः दावेदार नसावा. म्हणजे आपल्या आजोबांचे शेत कोणते हे शेजारच्या आजोबांनी सांगायचे. आमच्या आजीचे नावही शेवटी सासरच्या कोणी सांगितले नाही. ते माहेरच्या बहिणीकडून, म्हणजे आमच्या घराबाहेरूनच कळले.