गारवा भिंतीत की छपरात?

मे महिन्यात डोंबिवलीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कोणालाही विचारा, 'आजोळचे मातीचे घर कसे गार असायचे' हे वाक्य ऐकायला मिळतेच. हल्ली हेच वाक्य वास्तुरचनेवरील लेखांतही वाचायला मिळते. ते खरे आहे का, आणि असल्यास का, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू या.

डहाणू तालुक्यातील मुरबाड या गावी (कल्याणजवळचे मुरबाड ते वेगळे) 'डिझाइन जत्रा' नावाचा वास्तुरचनाकारांचा एक छोटा गट काम करतो. प्रतीक धनमेर, शार्दूल पाटील आणि विनिता कौर ही त्यांतील नावे. हा भाग १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. माती, बांबू, चुना असे जवळपास मिळणारे साहित्य आणि गावातलेच कारागीर, ही त्यांच्या कामाची ओळख आहे.

या कामातील दोन गोष्टी आम्हाला निःसंशय चांगल्या वाटतात. पहिली ऊर्जेची. सिमेंटच्या भट्टीत तापमान सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते, चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजते, आणि माती तर भाजावीच लागत नाही. शिवाय भाजताना बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग चुना घट्ट होताना हवेतून परत घेतो. भट्टीच्या जळणाचा धूर मात्र परत येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची. वसईच्या किल्ल्यापासून कल्याणच्या जुन्या वाड्यांपर्यंतचे आपल्याकडचे कितीतरी बांधकाम चुन्यातले आहे. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने भिंतीत मुरलेले पाणी त्यातून वाफ होऊन निघून जाते. कल्याणातील एका वाड्याच्या भिंतीला 'मजबुती' म्हणून सिमेंटचा गिलावा केलेला आम्ही पाहिला. काही पावसाळ्यांतच गिलाव्याआडच्या विटांचा भुगा होऊ लागला. कारण साधे आहे. सिमेंटने वाट अडवल्यावर पाणी विटांतच साचते. ते सुकताना त्यातील क्षारांचे स्फटिक विटेच्या छिद्रांत वाढतात आणि वीट आतून फोडतात. मजबूत लेप दुबळ्या भिंतीला मारक ठरतो. तेव्हा चुना जाणणारे कारागीर टिकवणे ही भावनेची बाब नाही, गरज आहे.

आता आमचा आक्षेप. तो या गटापेक्षा त्याच्यासारख्यांच्या कामाचे कौतुक करणाऱ्यांवर अधिक आहे. 'मातीची भिंत उष्णता रोखते, म्हणून घर गार' हे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. सुमारे ३० सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला नऊ-दहा तास लागतात, हे खरे. देशावर दिवसाचे ऊन कडक आणि रात्र थंड असते. तिथे हा उशीर फार उपयोगी पडतो. पण डहाणूच्या वारली पाड्यावरचे जुने घर पाहा. त्याची भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून वरून शेणमातीने लिंपलेली, जेमतेम काही बोटे जाड. ती उष्णता किती काळ रोखणार? शिवाय कोकणात पावसाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फरकच थोडा असतो.

मग ते घर गार का? मुख्य कारण डोक्यावर आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात १६ मेच्या सुमारास सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. त्या काळात दुपारचे ऊन भिंतीवर तिरपे लागते, छपरावर मात्र थेट कोसळते. गवताचे जाड छप्पर ते अडवते. खाली उतरलेले पाखे भिंतीवर सावली धरतात आणि छपराखालच्या फटीतून गरम हवा निसटते. त्याच भिंतींवर पत्रा टाकला, तर तापलेला पत्रा अवरक्त किरणांनी खालच्या माणसांना भाजून काढतो. भिंत मातीची असून फारसा उपयोग होत नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण त्यावर गरिबांच्या घराचा निर्णय अवलंबून आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरच्या पक्क्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये साहाय्य ठरले. एवढ्यात विटा-सिमेंटच्या भिंती उभारल्यावर छपराला बहुधा पत्राच परवडतो. या कुटुंबाला 'मातीकडे परत चला' असे सांगणे सोपे आहे. पण वाळवी, उंदीर, दरवर्षीचे लिंपण यांचा अनुभव त्यांना आहे, आणि सारवणाचे श्रम बाईच्याच वाट्याला येतात. शहरातल्यांची मातीची हौसेची घरे पाहून पाड्यावरच्या माणसाने 'मग आम्हीच पक्के का नको?' असे विचारले, तर उत्तर आकड्यांत द्यावे लागेल. आमच्या वाचनात येणाऱ्या लेखांत छायाचित्रे भरपूर असतात, तापमापकाचे आकडे क्वचितच. प्रत्येक नव्या घराबरोबर वर्षभराचे तापमान, आर्द्रता आणि दुरुस्तीचा खर्च प्रसिद्ध व्हावा, ही आमची अपेक्षा आहे. छप्पर सुधारल्याने पक्के घरही गार होत असेल, तर तेही स्पष्ट सांगावे.

ही मोजणी शाळाही करू शकते. पत्र्याचे, कौलाचे आणि स्लॅबच्या वरच्या मजल्यावरचे अशी तीन घरे निवडा. जमिनीपासून एक मीटर उंचीवर, भिंतीपासून दूर, एकसारखे तापमापक टांगा. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता नोंद घ्या. आठवडाभर मे महिन्यात आणि आठवडाभर जुलैत. दोन्ही आलेख शेजारी मांडले, की गारवा भिंतीत होता की छपरात, हे विद्यार्थीच सांगतील.

डिझाइन जत्रासारख्या गटांनी विसरलेले साहित्य पुन्हा हातात घेतले, याबद्दल त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत. पण 'आपले जुने म्हणून चांगले' हा पुरावा नव्हे. जुन्यातले काय चांगले आणि कशामुळे, हे कळले तरच ते नव्या घरात उतरवता येईल.