ग्रोशिअस, ह्यूगो

ग्रोशिअस, ह्यूगो : (१० एप्रिल १५८३–२८ ऑगस्ट १६४५). डच विधिवेत्ता, इतिहासकार व लॅटिन कवी. जन्म डेल्फ्ट येथे. अकराव्या वर्षी लायडन विद्यापीठात प्रवेश. १५९८ मध्ये ऑर्लेआं येथे विधिविषयक डॉक्टरेट. १६०१ मध्ये हॉलंडच्या प्रांतिक सभेने त्याला इतिहासकार नेमले.

१६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारीना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी या कृत्याचे समर्थन करताना त्याने जो प्रबंध लिहिला, त्यातील एक प्रकरण मारे लिबेरुम (मुक्त सागर) या नावाने १६०९ मध्ये निनावी प्रसिद्ध झाले. मूळ प्रबंध छापला गेला तो १८६८ मध्ये. समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही, हे त्याचे प्रतिपादन गोव्याहून पूर्वेचा कारभार पाहणाऱ्या पोर्तुगीजांच्या मक्तेदारीवर आघात करणारे होते. तथापि १६१३ मध्ये लंडन येथील वाटाघाटींत त्यानेच मसाल्याच्या बेटांशी झालेल्या करारांच्या आधारे डचांच्या अनन्य व्यापारहक्काची बाजू मांडली. तत्त्व व्यापक, पण त्याचा विनियोग पक्षपाती, ही त्याच्या विचारातील विसंगती नाकारता येत नाही.

धार्मिक-राजकीय संघर्षात १६१९ मध्ये त्याला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये पत्नी मारिया हिच्या युक्तीने पुस्तकांच्या पेटीत लपून तो लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यातून निसटला व पॅरिसला गेला. तेथे दे यूरे बेल्ली आक पाकिस (युद्ध व शांतता यांचा कायदा, १६२५) हा त्याचा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. ईश्वर नाही असे क्षणभर मानले, तरीही निसर्गसिद्ध न्याय अबाधितच राहील, हे त्यातील मत एका श्रद्धाळू लेखकाचे आहे, हे लक्षणीय होय. मात्र याच ग्रंथात गुलामगिरीलाही आधार मिळतो.

डच उठावाचा त्याने लिहिलेला लॅटिन इतिहास मरणोत्तर १६५७ मध्ये प्रसिद्ध झाला. टॅसिटसच्या आटोपशीर शैलीचा त्यावर ठसा असून स्वपक्षाचे दोषही तो झाकत नाही. वकील ग्रोशिअसला न साधलेला तटस्थपणा येथे दिसतो. आदामुस एक्सुल (१६०१) आणि सोफोम्पानेआस (१६३५) ही त्याची पद्यनाटके बायबलवर आधारित आहेत. दुसऱ्याचे डच भाषांतर कवी फोंडेल याने केले. त्यांत विद्वत्ता भरपूर, पण नाट्य बेताचे आहे.

१६३४ पासून तो फ्रान्समध्ये स्वीडनचा राजदूत होता. प्रवासात जहाज फुटल्यानंतर रॉस्टॉक येथे त्याचे निधन झाले. एका कंपनीच्या वकिलीसाठी मांडलेले त्याचे तत्त्व पुढे सर्व राष्ट्रांनी वापरले. त्याचे मोठेपण आणि मर्यादा, दोन्ही यातच आहेत.