हरण आणि वरण

इंग्रजी ‘नॉव्हेल’साठी मराठीने जे नाव स्वीकारले, ते बाणभट्टाच्या ज्या कृतीवरून आले ती गंधर्वकन्या, शाप आणि पुनर्जन्म यांनी विणलेली प्रणयकथा आहे. मराठी कादंबरीची चर्चा करताना ही गोष्ट सहसा विसरली जाते. वास्तवाच्या आग्रहातून घडलेल्या समीक्षेला अद्भुताचा हा वारसा काहीसा अडचणीचाच वाटत आला. त्यामुळे गेल्या दोन दशकांत इंग्रजीत कुमारवयीन वाचकांसाठी, विशेषतः मुलींसाठी, पुराणकथांवर आधारलेल्या अतिमानुष प्रणयकादंबऱ्यांचे पीक आले, तेव्हा त्यांना बाजारी माल म्हणून बाजूला सारणे सोपे गेले. बाजारी तर त्या आहेतच. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मराठी वाङ्मयाला नरेंद्राच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’पासून, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीपासून, ठाऊक आहे. पळवून नेलेल्या मुलीची कथा तिच्या इच्छेची कथा म्हणून सांगता येते का, आणि तशी सांगताना त्या पळवण्यातील बळजोरीचे काय करायचे, हा तो प्रश्न होय.

या कादंबऱ्यांचे लाडके मिथक पर्सेफनीचे आहे. डिमीटरला उद्देशून रचलेल्या प्राचीन ग्रीक स्तोत्रात फुले वेचणाऱ्या मुलीला पाताळाचा स्वामी हेडीझ रथात घालून नेतो. ती आक्रोश करते. बाप झ्यूस याची या हरणाला आधीच संमती असते. आणि स्तोत्राचा मोठा भाग व्यापते ते आईचे दुःख. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मेग कॅबट यांच्या ‘अबॅन्डन’ व एमी कार्टर यांच्या ‘द गॉडेस टेस्ट’ या दोन्ही कादंबऱ्यांनी हेच मिथक आजच्या अमेरिकेत आणले. कार्टर यांची नायिका मरणासन्न आईचे आयुष्य लांबावे म्हणून पाताळाच्या अधिपतीशी स्वतः करार करते. हरणाचा असा करार झाला की आक्रोशाला जागा उरत नाही. पाताळाचा काळोख तेवढा राहतो, आणि तो नायकाला शोभून दिसतो.

ही युक्ती नवी नाही. 1882 साली पुण्यात रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’ या नाटकात ती अधिक कौशल्याने वापरलेली आढळते. आदिपर्वातील सुभद्राहरण नीट वाचले तर एक गोष्ट खुपते: तेथे सुभद्रेला कोणी काही विचारीतच नाही. स्वयंवरात मुलीचे मन कोठे वळेल याचा भरवसा नाही, म्हणून हरण करावे, असा सल्ला खुद्द भाऊ कृष्ण अर्जुनाला देतो. म्हणजे तिच्या निवडीची शक्यता हेच तेथे हरणाचे कारण ठरते. रैवतकाची प्रदक्षिणा करून परतणाऱ्या सुभद्रेला अर्जुन रथात घालतो. पुढे यादवांचा संताप होतो, कृष्ण त्यांची समजूत घालतो, आणि सुभद्रा प्रथम बोलते ती इंद्रप्रस्थी, गोपवेषात द्रौपदीसमोर उभी राहून, तेही दासीभावाने.

किर्लोस्करांनी या मुक्या सुभद्रेला गाणे दिले. तिचे अर्जुनावर आधीच प्रेम आहे आणि तिचा विवाह दुर्योधनाशी लावू पाहणारा बलराम हा अडसर आहे, अशी मांडणी होताच हरणाचे वरण झाले. मात्र हरण नाहीसे झाले नाही. झोपलेल्या सुभद्रेला उचलून रानात आणण्याचे काम कृष्णाच्या योजनेने घटोत्कचाकडे गेले. स्मृतिकारांनी रडणाऱ्या कन्येला बळाने नेण्याच्या प्रकाराला ‘राक्षस विवाह’ म्हटले होते. किर्लोस्करांनी त्या विशेषणाचेच पात्र केले. बळजोरी राक्षसाची, विरह अर्जुनाचा आणि हसू कृष्णाचे, अशी ती वाटणी आहे. अतिमानुष पात्र येथे केवळ चमत्कारासाठी येत नाही. नायकाच्या हातून जे घडले असते ते स्वतःच्या खांद्यावर घेऊन जाणे, हे त्याचे खरे कार्य होय. आजच्या अतिमानुष प्रणयकादंबरीतील रक्तपिपासू कुळे, शाप आणि प्राचीन करार हेच ओझे वाहतात. सामर्थ्य नायकाचे राहते, दोष मात्र त्याच्या जातकुळीचा ठरतो.

‘सौभद्र’ची गोडी वादातीत आहे, त्यातील द्वारका ही पुण्यातल्या एखाद्या मोठ्या वाड्यासारखी नांदती आहे. परंतु ज्या समाजाने या सुभद्रेला डोक्यावर घेतले, त्याच समाजापुढे दोनच वर्षांनी, 1884 साली, रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्याला बांधील नाही, असे म्हणणाऱ्या त्या तरुणीला 1887 साली न्यायालयाने पतीगृही जाणे किंवा सहा महिन्यांचा कारावास यांतून निवड करावयास सांगितले, आणि पुण्याच्या ‘केसरी’ने तिच्या विरोधात लेखणी चालविली. नाटकातील सुभद्रेने वडील भावाच्या इच्छेविरुद्ध वर निवडावा आणि प्रेक्षकांनी टाळ्या द्याव्यात. तोच हक्क मुंबईतील एका सुतार ज्ञातीच्या मुलीने मागितला की धर्म बुडावा! पौराणिक अंतर इच्छेला बोलू देते, पण ते अंतर ओलांडून तिला समाजात येऊ देत नाही. कुमारवयीन प्रणयकादंबरीवर हाच आक्षेप घेता येईल. फक्त तो घेताना ‘सौभद्र’ला वगळता येणार नाही.

याउलट रुक्मिणीची कथा. भागवताच्या दशम स्कंधातील रुक्मिणी स्वतः पत्र लिहिते आणि आपल्या हरणाचा बेतही स्वतःच आखते. अंतःपुरातून नेल्यास आप्तांची हत्या होईल, म्हणून विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला नगराबाहेर येईन तेव्हा न्यावे, असे ती कळवते. आपल्या इच्छेला किती रक्त लागेल याचा हिशेब ही मुलगी आधी करते, हे विलक्षण आहे. एवढे करूनही किंमत टळत नाही. पाठलाग करणारा भाऊ रुक्मी हरतो, ती त्याच्या प्राणांची भीक मागते, कृष्ण त्याला विद्रूप करून सोडतो आणि त्याबद्दल बलराम कृष्णालाच बोल लावतो. सोळाव्या शतकात एकनाथांनी या कथेला जीवशिवाच्या मीलनाचा अर्थ दिला. पण लग्नघरातील लगबग, थट्टा आणि युद्धाचा कल्लोळ त्यांनी गाळला नाही.

एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण अविवाहित मुलींनी करावे, म्हणजे चांगला वर मिळतो, अशी श्रद्धा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कुमारिकांच्या हाती मुद्दाम दिलेली, अमर पुरुषावरील प्रेमाची ही कथा म्हणजे आज चर्चेत असलेल्या वाङ्मयप्रकाराचे मराठीतील सर्वांत जुने आणि टिकाऊ रूप म्हणता येईल. मुलीचे लग्न वेळेवर ठरावे म्हणून वडीलधारी मंडळी तिला जो ग्रंथ वाचावयास बसवीत, त्याची नायिका मात्र वडील भावाने ठरविलेले लग्न मोडण्यासाठी परपुरुषाला पत्र लिहिते. पोथीसमोर बसलेल्या किती मुलींनी हे मनातल्या मनात वाचले असेल, याची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही.

विसाव्या शतकात ही सामग्री तीन ठिकाणी विभागली गेली. खांडेकरांच्या ‘ययाति’ने (1959) देवयानी आणि शर्मिष्ठेला निवेदनाचा अधिकार दिला, परंतु कथेचा भार नीतिचिंतनाकडे झुकविला. अतिमानुष उरले ते पुण्याच्या नारायण धारपांच्या भयकथांत, जेथे परलोकातून येणारे ते गिळावयासच येते. कुमारवयाचा वाटा भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने उचलला. फुरसुंगीच्या या पोराला साहसातून उसंत नाही. तिन्ही लेखकांची थोरवी मान्य करूनही, सोळा वर्षांच्या मराठी मुलीला स्वतःच्या वयाची, अद्भुताची आणि इच्छेची कथा एकत्र मिळाली नाही असे म्हणावे लागते. ती तिला इंग्रजीत मिळाली, यात तिचा दोष तो काय?

आणि इंग्रजीत मिळाली ती तिच्याच पुराणांची. रोशनी चोक्सी यांच्या ‘द स्टार-टच्ड क्वीन’ (2016) या कादंबरीत पर्सेफनी आणि भारतीय मिथके एकवटली आहेत. मृत्यूशी विवाह होईल असे भविष्य असलेली राजकन्या माया, तिला अकरन नावाच्या गूढ राज्यात नेणारा अमर, न विचारायचे प्रश्न, न उघडायची दारे आणि माणसांची प्राक्तने विणलेले वस्त्र, अशी तिची रचना आहे. कल्पनाशक्ती समृद्ध आहे. भाषा काही ठिकाणी अलंकारांनी वाकते. परंतु मायेला पूर्वजन्माची स्मृती येते आणि ती या राज्याची आधीपासूनच राणी होती असे उलगडते, तेव्हा मूळ प्रश्नच रद्द होतो. मागच्या जन्मी दिलेला होकार या जन्मीच्या मुलीला बांधील कसा? बाणभट्टाच्या कथेतही पुनर्जन्म आहे, पण तेथे महाश्वेता त्याच देहाने, त्याच जन्मात, अच्छोद सरोवराच्या काठी तप करीत वाट पाहते. स्मृतीच्या सोयीने तिची प्रतीक्षा कमी होत नाही.

मृत्यूच्या देवाशी बोलणाऱ्या मुलीची कथा हवी असेल तर वनपर्वात सावित्री आहे. तिला कोणी पळवीत नाही. बापाने वर शोधावयास पाठविलेली ती मुलगी अल्पायुषी सत्यवानाला जाणूनबुजून निवडते आणि यमामागून स्वतःच्या पायांनी चालत जाते. वटपौर्णिमेच्या दोऱ्यात तिचे हे चालणे आणि बोलणे गुंडाळले गेले आहे, आणि आश्चर्य म्हणजे इंग्रजी प्रणयकादंबरीलाही त्याचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही. हरण नसलेल्या कथेत लपविण्यासारखे काही नसते, हे त्याचे कारण असू शकेल. रुक्मिणीच्या कथेत ते आहे, आणि तरीही भागवतकाराने ते लपविलेले नाही. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्यावाचून कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून निघालेला रुक्मी परत जात नाही. अर्धवट भादरलेल्या डोक्याने तो भोजकटात राहतो, आणि द्वारकेत बहिणीच्या लग्नाचे मंगलवाद्य वाजत असते.