झाराच्या पोथीतलं घराणं

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत चौदाव्या शतकातली एक बल्गेरियन पोथी आहे. चर्मपत्राची २८६ पानं, त्यांवर ३६६ चित्रं आणि मजकूर मत्तय, मार्क, लूक, योहान या चार शुभवर्तमानांचा. बल्गेरियाचा झार इव्हान अलेक्झांडर याने ती लिहवून घेतली आणि सिमिओन नावाच्या मठवासीने १३५५-५६ मध्ये ती पुरी केली. येशूची कथा सुरू होण्याआधी, समोरासमोरच्या दोन पानांवर झार आपलं कुटुंब घेऊन उभा आहे. १३३१ ते १३७१ अशी चाळीस वर्षं तर्नोवोच्या गादीवर बसलेल्या या माणसाच्या घरात काय चाललं होतं ते समजून घ्यायला या दोन पानांइतकं बोलकं साधन मला दुसरं वाटत नाही. मात्र ती सावकाश वाचायला हवीत.

उजव्या पानावर झार, राणी थिओडोरा आणि दोन मुलगे, इव्हान शिशमान व इव्हान आसेन. डाव्या पानावर तीन लेकी, केरा तमारा, केरात्सा आणि देसिस्लाव्हा, आणि त्यांच्यासोबत तमाराचा नवरा कॉन्स्टंटाइन, ज्याला ‘देस्पोत’ ही पदवी होती. कुणी कुणाकडे पाहत नाही. सगळे ताठ उभे, प्रत्येकाच्या डोक्यावर मुकुट, मागे तेजोवलय, हातात राजदंड. चित्रकाराने सगळ्यांना एकच मान दिला असं वाटत असतानाच नजर पावलांकडे उतरते. लाल बूट एकट्या झाराचे आहेत. बायझंटाइन जगात लाल पादत्राणं ही सम्राटाची खास खूण होती. मुकुट घरातल्या इतरांना चालत, हे बूट चालत नसत. इतक्या सोन्यामोत्यांच्या गर्दीत सत्ता कुणाची हे जमिनीलगत सांगून टाकलेलं आहे, आणि ही जागा निवडणाऱ्या चित्रकाराचं मला फार कौतुक वाटतं.

आता वर पाहू. ढगातून देवाचे दोन हात खाली आले आहेत, राजाला आणि राणीलाही आशीर्वाद द्यायला. राजाला दैवी आशीर्वाद हा त्या काळचा रिवाजच. राणीच्या वाट्याला आलेला आशीर्वाद मात्र जास्त बोलतो. ही राणी जन्माने ज्यू, मूळ नाव सारा. धर्मांतरानंतर ती थिओडोरा झाली आणि झाराची दुसरी बायको. पहिल्या बायकोचं नावही थिओडोराच होतं. ती वालेकियाच्या बासाराबची लेक. तिला सोडून झाराने हे लग्न केलं आणि तिने मठाची वाट धरली. पहिली बायको जिवंत असताना आलेली, परधर्मातून आलेली ही राणी. तिच्या डोक्यावर देवाचा हात दाखवण्याची गरज होती, आणि तो शुभवर्तमानाच्या पोथीत दाखवला की त्यापुढे बोलायची सोय उरत नाही.

पण चित्रात जे नाही तेही मोजायला हवं. पहिल्या राणीचा एकही मुलगा या पानांवर नाही. त्यांतला थोरला मिखाइल आसेन १३५५ च्या सुमारास ओटोमन तुर्कांशी लढताना पडला. त्यानंतर वयाने पुढचा इव्हान स्रात्सिमीर. तो हयात होता, कर्ता होता, तरी चित्रात त्याला स्थान नाही. त्याच्याऐवजी उभा आहे जेमतेम पाच-सहा वर्षांचा शिशमान. त्याची बाजू अशी की तो बाप गादीवर बसल्यानंतर जन्मला, म्हणजे राजाचा मुलगा म्हणूनच जन्मला. स्रात्सिमीर जन्मला तेव्हा बाप झार झालेला नव्हता. थोरल्याला विदिन मिळालं, धाकट्याला तर्नोवो. वारसाचा हा निवाडा रंगांनी लिहिलेला आहे, आणि तो देणारा बाप लाल बूट घालून मध्ये उभा आहे. पुढे राज्याची वाटणी झाली, तर्नोवो १३९३ मध्ये पडलं आणि १३९६ मध्ये विदिनही तुर्कांच्या हाती गेलं. सगळा दोष या निवाड्यावर टाकणं अन्यायाचं होईल. पण भावाभावांतली भेग या पानावर आधीच दिसते.

म्हणून हे चित्र एकटं वाचू नये. याच झाराने मानासिसच्या ग्रीक इतिहासकाव्याचा बल्गेरियन अनुवाद सचित्र करून घेतला होता. ती प्रत आज व्हॅटिकनमध्ये आहे. तिथे झाराजवळ तीन मुलगे आहेत, मिखाइल आसेन, स्रात्सिमीर आणि इव्हान आसेन. तिघेही पहिल्या राणीचे. त्याच हस्तलिखितात या इव्हान आसेनचा मृत्यूही रंगवलेला आहे, देह ठेवलेला आणि भोवती शोक. लंडनच्या पोथीतला इव्हान आसेन तो नव्हे. दिवंगत मुलाचं नाव सावत्र भावाला दिलेलं आहे. दोन थिओडोरा, दोन इव्हान आसेन. या घराण्याची वंशावळ मांडताना इथेच गोंधळ होतो. त्यावर उतारा ‘बोरिलच्या सिनोडिकॉन’मध्ये सापडतो. देवळात स्मरण करण्यासाठीच्या या ग्रंथात दोन्ही राण्यांची वेगळी नोंद आहे. एक थिओफाना या नावाने जोगीण झालेली, दुसरी ज्यू कुळातली, शिशमानची आई. चित्राने जिला बाहेर ठेवलं तिला प्रार्थनेने आत घेतलं.

लंडनच्या पोथीतल्या आतल्या पानांवरची छोटी, चपळ चित्रं अकराव्या शतकातल्या एका ग्रीक हस्तलिखिताच्या वळणाची आहेत. ते आज पॅरिसमध्ये आहे. त्यात प्रत्येक शुभवर्तमानाच्या शेवटी लेखक-संतासोबत मठाधिपती दिसतो, इथे त्या जागी झार आहे. पुष्पिकेत झाराला बल्गेरियन आणि ग्रीक या सर्वांचा अधिपती म्हटलं आहे, आणि पोथी बाहेरच्या रंगासोन्यासाठी नसून आतल्या देववचनासाठी घडवली, असा भाव तिथे व्यक्त केला आहे. मला हे मनापासून लिहिलेलं वाटतं. त्या काळच्या माणसाला राज्याचा दावा आणि भक्ती वेगळ्या कप्प्यांत ठेवायची गरज नव्हती.

तर्नोवो पडल्यावर पोथी मोल्दाव्हियात गेली, तिथून पुढे अ‍ॅथॉस पर्वतावरच्या सेंट पॉल मठात. १८३७ मध्ये तिथल्या मठाधिपतीने ती रॉबर्ट कर्झन या इंग्रज प्रवाशाला भेट दिली आणि १९१७ मध्ये त्याच्या लेकीच्या मृत्युपत्राने ती ब्रिटिश म्युझियमला मिळाली.

डावं पान लोक सहसा झरझर उलटतात, कारण सत्तेची गोष्ट उजवीकडे आहे. मला ते पान जास्त जड वाटतं. पोथी तयार होत होती त्याच सुमारास, १३५५ मध्ये, लहानग्या केरात्साचा संबंध बायझंटाइन सम्राटाच्या मुलाशी, अँड्रोनिकोसशी, जुळवला गेला. तमाराचं पुढे तर त्याहून कठीण झालं. कॉन्स्टंटाइननंतर भाऊ शिशमानने तिला ओटोमन सुलतान पहिल्या मुरादकडे पाठवलं, राज्य वाचवण्यासाठी. सिनोडिकॉनमध्ये तिचीही नोंद आहे: आपल्या लोकांसाठी ती दिली गेली आणि तिथे जाऊनही तिने आपला धर्म सोडला नाही. राजदंड हातात धरलेल्या या मुलीकडे पाहताना ही नोंद शेजारी उघडी ठेवावी. इव्हान अलेक्झांडरच्या कारकिर्दीवर काम करू पाहणाऱ्याला मी डाव्या पानापासूनच सुरुवात करायला सांगेन.